मोराची मान आणि करवतीचे दात

आमच्या घरात धार असलेल्या दोनच गोष्टी होत्या, आईची विळी आणि नानांची जीभ. विळी दिवसातून दोनदा आडवी होऊन विश्रांती घ्यायची, नानांच्या जिभेला ती सवय नव्हती. नाना म्हणजे माझे वडील. पाठशाळेत व्याकरण शिकवायचे आणि घरी आल्यावरही आम्हाला शिकवतच राहायचे. काशीत, भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांत आम्ही चौघं होतो. नाना, आई, माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा, आणि मी, म्हणजे सुमन, पण त्या नावानं मला फक्त शाळेच्या हजेरीत हाक मारली जायची. पहाटे खालच्या देवळातली घंटा, मग नानांची संध्या, मग घाटावरून नावाड्यांच्या हाका, आणि उजाडलं की गच्चीवर माकडांचा धुडगूस. या सगळ्या कालव्यात आईच्या विळीचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा. भेंडी असली की टचटच, लाल भोपळा असला की बराच वेळ कुरकुर आणि मग एकदम धप्प. अंथरुणातूनच मी आज भाजी कोणती ते सांगायची आणि बहुधा बरोबर निघायची.

नारळ आमच्याकडे देवळांतून यायचे, प्रसादाचे, पूजेचे. त्यामुळे कोकण कधी न पाहिलेल्या आमच्या घरात खोबरं मात्र कोकणाला लाजवील इतकं असायचं. विळीच्या टोकाच्या खोवणीवर आई नारळ फिरवायची तेव्हा मी समोर बसून पडलेला चव खायची. आईची एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात राहिली आहे. विळीचं पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. शेजारच्या बायका जरा लक्ष चुकलं की बोट कापून घेत, आईला कधी ओरखडा पडलेला मी पाहिला नाही. मी विळीवर बसायला लागले तेव्हा ती म्हणाली होती, "पात्याला ढकलायचं नसतं. पातं त्याचं काम करतं. तू हातानं वळव." सत्तरीला टेकलेली मी आजही विळीवरच चिरते. दादाच्या सुनेनं आणलेला चाकू-बोर्ड ओट्यावर उभा आहे, शोभेला.

आमच्या खालच्या मजल्यावर घोषबाबू राहायचे. एकटे होते, आणि दुपारी खिडकीत बसून पातळ लाकडाची जाळी कापायचे. त्यांची करवत म्हणजे एक मोठी लोखंडी कमान, तिच्या दोन टोकांमध्ये ताणून बसवलेलं केसाएवढं पातं, आणि खाली एक मूठ. एका हातानं फळी धरायची, दुसऱ्या हातानं करवत वरखाली करायची, आणि तोंडानं गुणगुणायचं, असं त्यांचं चालायचं. दादा शाळेतून आला की त्या खिडकीशी उभा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घोषबाबू कायमचे कलकत्त्याला मुलाकडे निघाले, तेव्हा त्यांनी ती पेटी दादाच्या हातात दिली. कमान, पात्यांचं एक पुडकं, टेबलाला अडकवायची खाच पाडलेली फळी आणि थोडं प्लायवूड. गाडीची वेळ झाली होती, शिकवायला वेळ नव्हता. पातं बसवलेलं नव्हतं. दादानं पुडक्यातून एक काढलं, नखानं त्याच्यावरून सावकाश फिरवून दात कुठे बघतात ते चाचपलं, आणि बराच वेळ आईच्या विळीकडे पाहत बसला. मग काही ठरवून त्यानं पातं कमानीत बसवलं. दादा गणितात पक्का होता आणि विचार करून केलेली गोष्ट तो दुसऱ्यांदा तपासत नसे.

नानांना हे पसंत नव्हतं. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणाले. आई एरवी मधे पडायची नाही, पण त्या दिवशी भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, गणपतीला मखर करील तो. बाजारातून कागदी आणतो दरवर्षी." देवाचं नाव आल्यावर नानांना माघार घ्यावी लागली. त्यांनी अट घातली, मखर चतुर्थीच्या आत पुरं झालं तर पेटी राहील, नाहीतर जाईल. दादानं घाटावरच्या दगडी हवेलीच्या खिडकीखालच्या कोरीव वेलीवर पातळ कागद धरला, पेन्सिल घासून नक्षी उतरवली, आणि मधोमध स्वतःच्या मनानं एक मोर काढला. लांब मानेचा, मागे वळून बघणारा. मग आम्ही कापायला बसलो. आम्ही म्हणजे दोघं, कारण करवत वर गेली की फळी तिच्याबरोबर उसळायची. थडथड थडथड. घोषबाबूंची कधी उसळत नसे. दादा म्हणे, "माझा हात अजून बसला नाही. सुमे, तू दाब." मग मी फळीच्या दोन बाजूंना दोन तळवे टेकून अंगाचा भार द्यायची आणि तो कापायचा. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण असे तीन महिने मी दाबलं. तळव्यांना घट्टे पडले. एकदा तरी मला कापू दे म्हणून मी किती विनवलं, त्याचं उत्तर एकच, तू दाब.

चतुर्थीला चार दिवस राहिले होते. वेल झाली होती, पिसारा झाला होता, मोराची मान आणि चोच राहिली होती. दादा नानांबरोबर सामान आणायला गेला, आई शेजारी मोदकाच्या पिठीचं बघायला गेली, आणि मी त्या फळीसमोर बसले. मला फक्त चोच कापायची होती. दादा यायच्या आत कापून ठेवीन, तो पाहील आणि म्हणेल, कुणी केलं हे, इतकंच माझ्या मनात होतं. डावा हात फळीवर ठेवला, उजव्या हातानं करवत वर ढकलली. फळी थडाथड नाचायला लागली. मी घाबरून आणखी जोर दिला. काडकन आवाज झाला आणि मोराची मान पिसाऱ्यापासून वेगळी होऊन माझ्या मांडीवर पडली. मी ती मान उचलून जागेवर ठेवली, वर कागद झाकला, आणि गच्चीवर जाऊन माकडांना हाकलत बसले. अकरा वर्षांची मुलगी दुसरं काय करणार. संध्याकाळी दादानं कागद उचलला. मी दाराआड होते. त्यानं मान हातात घेतली, दाराकडे पाहिलं, माझ्याकडेच पाहिलं असं मला वाटलं, आणि नानांना म्हणाला, "माझ्याकडून मोडलं."

देवासाठी केलेली वस्तू भंगली की ती घरात ठेवायची नाही, गंगेत सोडायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. नाना त्याबाबतीत पक्के. भाद्रपदातली गंगा घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलेली, गढूळ, जोरात ओढणारी. नानांनी दादाला ती जाळी स्वतःच्या हातानं सोडायला लावली. आणि मग पेटी पुढे केली. ती भंगलेली नव्हती. पण अट ती अट. दादा पेटी घेऊन थोडा वेळ नुसता उभा राहिला, तेव्हा नाना म्हणाले, "सोड. हे तुझ्या हातचं काम नाही." ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं, त्यांच्या रागाला आम्ही सरावलो होतो. ते समजावल्यासारखं बोलले. पेटी जड होती, ती लगेच बुडाली. जाळी मात्र खूप दूरपर्यंत तरंगताना दिसत होती. मी वरच्या पायरीवर उभी राहून पाहत होते. त्या वर्षी गणपती पुन्हा कागदी मखरात बसला.

पुढे दादा बँकेत लागला, संसार केला, सगळं नीट केलं. पण घरात खुंटी ठोकायची झाली तरी सुताराला बोलवायचा. "माझ्या हातचं नाही ते," म्हणायचा, अगदी हसत. मी भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, त्याच घरात राहिले. त्याच्याशी मी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलले, त्या एका सोडून. आधी नानांची भीती होती. नाना गेल्यावर लाज होती. नंतर वाटायला लागलं, इतक्या वर्षांनी कशाला. आणि मग दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली आणि दादा बोलायचाच थांबला. सकाळी सज्जात खुर्ची टाकून बसायचा, गंगेवरच्या नावा बघायचा, जेवायला उठायचा, पुन्हा बसायचा. त्याच्या गोळ्यांच्या वेळा सोडल्या तर आमच्यात संभाषण उरलं नव्हतं. तो असाच विझत जाईल आणि माझं सांगायचं राहून जाईल, ही धास्ती मला रोज उठल्यावर पहिली आठवायची.

काशीत प्रायश्चित्त सांगणारे पायलीचे पन्नास मिळतात. मी माझं मोबाइलवरून मागवलं. दादाची सून श्रुती मला काहीतरी विणकामाचं दाखवत होती, त्यात मधेच एका माणसाचं चित्र हलायला लागलं. तो एका छोट्या यंत्रासमोर बसून लाकडाचं हरीण कापत होता, तीच कमान, तेच केसाएवढं पातं, पण विजेवर चालणारं. त्याला स्क्रोल सॉ म्हणतात हे मला तेव्हा कळलं. पुढचे पंधरा दिवस मी शाळेच्या परीक्षेला बसल्यासारखा अभ्यास केला. श्रुतीला रंग आवडला की तिचं काम झालं. "आत्या, हे वालं घ्या ना, बढिया आहे, रेटिंग पण छान." मी तिला म्हटलं, अगं, साडी घेत नाहीये. नवशिक्यासाठी म्हणून विकायला ठेवलेल्या यंत्रांत खरा फरक असतो तो वजनाचा. हलकं यंत्र स्वतःच थरथरतं, मग कापणाऱ्याचा हात कितीही स्थिर असो. दुसरा फरक पात्याचा. काही यंत्रांना फक्त टोकाला आडवी खीळ असलेलं पातं चालतं. बसवायला सोपं, पण जाळीच्या आतला भाग कापायचा तर खीळ जाईल एवढं मोठं भोक आधी पाडावं लागतं, आणि नाजूक वेल तिथेच संपते. मला सपाट टोकाचं साधं पातंही चालेल असं हवं होतं. तिसरं म्हणजे वेग कमी-जास्त करण्याचं बटण, कारण म्हातारी माणसं हळू सुरू होतात. बाकी दिवा, भुसा उडवणारी नळी, टेबल तिरपं करायची सोय, हे असलं तर बरं, नसलं तर अडत नाही. जे ठरवलं ते खोक्यातून निघालं तेव्हा दोन मजल्यांचा जिना दोन माणसांना घामाघूम करून आलं होतं, आणि मला समाधान वाटलं की वजनाच्या बाबतीत तरी फसवणूक नाही.

माझ्या निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेलं भक्कम टेबल होतं, त्याला ते बोल्टनं पक्कं केलं. खाली रबराची चटई घातली, नाहीतर मांडणीवरची सगळी पितळी भांडी त्याच्याबरोबर भजन म्हणायला लागली असती. माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. दादानं एकदा वळून पाहिलं आणि पुन्हा नावा बघायला लागला. आठ दिवस तो त्या टेबलाजवळून जाताना अंग चोरून जायचा. मी म्हटलं, ठीक आहे, तू नाहीस तर मी. पत्रकात लिहिल्याप्रमाणे पातं बसवलं, बोटानं छेडून तंबोऱ्याच्या तारेसारखं वाजतंय ना ते पाहिलं, चष्मा लावला आणि प्लायवूडच्या तुकड्यावर सरळ रेघ कापायला घेतली. सरळ रेघ विद्यार्थ्यांना शिकवणं वेगळं आणि कापणं वेगळं. माझी रेघ गंगेसारखी वळायला लागली. मी ती सरळ करायला फळी जोरात पुढे रेटली आणि पातं टचकन तुटलं.

"ढकलू नकोस," सज्जातून आवाज आला. "पात्याला ढकलायचं नसतं. हातानं वळव."

ते आईचं वाक्य होतं. दादा उठून आला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता आणि तो यंत्राकडे असा बघत होता जसा त्या सुट्टीत आईच्या विळीकडे बघत बसला होता. "सरक," म्हणाला. डबीतून नवं पातं घेतलं, नखानं त्याच्यावरून सावकाश फिरवून दात चाचपले, वरची पकड आवळली, खालची आवळली.  त्यानं वेगाचं बटण अगदी खाली आणलं, फळी टेबलावर ठेवली आणि यंत्र सुरू केलं. फळी उसळली. थडथड थडथड. आणि माझे दोन्ही तळवे, मी काही ठरवायच्या आत, फळीच्या दोन बाजूंना जाऊन टेकले. फळी शांत झाली. दादा कापायला लागला, मी दाबत राहिले, आणि एक वीतभर रेघ कापून झाल्यावर मला कळलं की काहीतरी चुकतंय. मघाशी माझ्याकडून रेघ वाकडी गेली होती, पातं तुटलं होतं, पण फळी उसळली नव्हती. मी यंत्र बंद केलं आणि भिंग घेऊन पात्याकडे पाहिलं.

"दादा, दात वर आहेत."

"मग? वरच असतात."

"खाली हवेत. कागदात लिहिलंय, दात टेबलाकडे. म्हणजे ते लाकडाला खाली ओढतात. वर असले की उचलतात."

"खाली कसे असतील," दादा शांतपणे मला समजावायला लागला, नाना समजवायचे तसा. "विळीचं पातं वर बघतं. भाजी वरून येते. कापणारी बाजू वर हवी. आपण घोषबाबूंच्या करवतीला असेच तर लावायचो."

"नेहमी?"

"पहिल्या दिवसापासून."

 मी पातं काढलं, उलटं केलं, पुन्हा ताणलं. फळी ठेवली, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि यंत्र सुरू केलं. पातं वरखाली होत राहिलं आणि त्याला टेकलेली फळी टेबलावर निमूट पडून राहिली, हललीसुद्धा नाही. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मग मी यंत्र बंद केलं, आणि जे अठ्ठावन्न वर्षं सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. "दादा, मोर मी मोडला होता."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुझ्या फ्रॉकभर भुसा होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला नानांनी सोडलं असतं का?" तो खुर्ची ओढून बसला. "राग आला होता मला. खरं सांगू? दोनेक वर्षं होता. मग गेला. पण ते जाऊ दे, सुमे. घोषबाबू एका हातानं कापायचे, गाणं म्हणत. मला तू दाबल्याशिवाय एक इंच जमत नव्हतं. म्हणून नाना म्हणाले ना, तुझ्या हातचं काम नाही, ते मला पटलं. मोर तू मोडलास म्हणून नाही. मला स्वतःलाच माहीत होतं, आपल्याला जमत नाही." त्यानं चष्मा काढला, भिंग माझ्या हातातून घेतलं आणि पात्याचे दात पुन्हा पाहिले. "म्हणजे तो मोर मोडणारच होता. तू एकटी बसलीस तरी आणि मी एकटा बसलो असतो तरी."

"हो."

"आणि माझ्या हाताला काही झालेलं नव्हतं. दात उलटे होते."

तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. वहिनी गेल्यापासून त्या घरात तो आवाज झाला नव्हता, श्रुती स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी धावत आली. "बाबूजी, क्या हुआ?"  मी रडत होते, ते तिला दिसलं, आणि ती बिचारी गोंधळून दोघांसाठी पाणी घेऊन आली. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. नानांचा मला राग यायला हवा होता, पण तोही येईना. करवतीचे दात कुठे बघतात हे व्याकरणात कुठे लिहिलेलं असतं.

परवापासून दादा कागदावर मोर काढतोय. लांब मानेचा, मागे वळून बघणारा. चतुर्थी दीड महिन्यावर आहे आणि या वेळी अट घालणारं कुणी नाही. आज सकाळी त्यानं मानेला हात घातला. दात खाली आहेत ना ते त्यानं नखानं पाहिलं, मी भिंगानं पाहिलं. मी बाजूला उभी होते. फळी स्थिर, यंत्र संथ, भुसा नळीच्या फुंकरीनं बाजूला उडत होता. मानेचं वळण जवळ आलं तसा दादा थांबला.

"सुमे, दाब."

"आता गरज नाही दादा, ती हलत नाही."

"माहीत आहे," तो मान वर न करता म्हणाला. "दाब."

मी दोन्ही तळवे फळीवर टेकले.